शोषण आणि अधिशोषण : भुलीच्या वायूची एक राहून गेलेली नोंद

पदव्युत्तर वर्गाला व्यावहारिक मराठी शिकवताना अनुवादाचा एक स्वाध्याय दरवर्षी द्यावा लागतो. विद्यार्थ्याने स्वतःच्या नोकरी-व्यवसायातील एखादे इंग्रजी पत्रक आणायचे आणि त्याचे सुबोध मराठी करायचे, एवढेच त्याचे स्वरूप. पिंपरी-चिंचवडच्या परिसरात शिकवणाऱ्याला या स्वाध्यायातून बराच लाभ होतो. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमधील सुरक्षा-सूचना येतात, चाकणच्या कारखान्यातील रंगकामाच्या विभागाची नियमावली येते, औषधांच्या बाटल्यांवरील चिठ्ठ्या येतात. साहित्याच्या प्राध्यापकाला ज्या जगाची एरवी वार्ताही लागली नसती, ते जग चार-पाच पानांच्या रूपाने त्याच्या टेबलावर येऊन पडते.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने असेच एक पत्रक आणले. दिवसा ती एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात मदतनीस म्हणून काम करी आणि सायंकाळी एम.ए.च्या वर्गाला बसे. पत्रक होते भूल देण्याच्या यंत्राला जोडायच्या कोळशाच्या डब्याचे. तिने पहिलेच वाक्य केले होते : ‘‘हा डबा भुलीच्या वायूंचे शोषण करतो.’’ वर्गात हशा पिकला. हसण्याचे कारण उघड होते. आमच्या या पट्ट्यात ‘शोषण’ हा शब्द रसायनशास्त्राच्या पुस्तकातून कमी आणि कारखान्याच्या गेटवरच्या सभेतून अधिक ऐकू येतो. कामगारांचे शोषण असते. वायूचे कसले शोषण? मीही हसलो, आणि ‘‘इथे अधिशोषण हवे’’ अशी दुरुस्ती करून पुढच्या वाक्याकडे वळलो. ती म्हणाली, ‘‘सर, पण दोन्हींत फरक काय?’’ त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे. तो करताना लक्षात आले, की प्रश्न केवळ परिभाषेचा नव्हता. वैद्यकाच्या इतिहासात कोणाची नोंद होते आणि कोणाची राहून जाते, याचाही होता.

प्रथम परिभाषा. पाण्यात बुडवलेला स्पंज पाणी आपल्या अंगभर घेतो. चुन्याची निवळी कर्बवायू घेते आणि त्याच्याशी संयोग पावून दुधाळ होते. दोन्ही ठिकाणी घेतलेला पदार्थ घेणाऱ्याच्या आत जातो. हे शोषण. कोळशाचे तसे नसते. वायूचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतात, तेथेच थांबतात. कोळसा त्यांना पचवीत नाही, बदलत नाही. फक्त धरून ठेवतो. उष्णता दिली किंवा स्वच्छ हवेचा झोत सोडला, की ते जसे आले तसे निघून जातात. हे अधिशोषण. युरोपातही हा भेद शब्दात पकडायला एकोणिसावे शतक सरत यावे लागले. हाइनरिश कायझर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये ‘अॅडसॉर्प्शन’ हा शब्द रूढ केला, तोवर दोन्ही क्रियांना एकच नाव चालत असे. तेव्हा माझ्या विद्यार्थिनीची चूक दीडशे वर्षांपूर्वी चूक ठरली नसती.

शब्द उशिरा आला, पण गुण जुना होता. घरातील कुबट वास जाण्यासाठी कपाटात कोळशाचा तुकडा ठेवणारी आजी हाच गुण वापरीत होती. कार्ल शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७७३ मध्ये कोळसा वायू धरून ठेवतो, हे पाहिले. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे टोबियास लोवित्झला दिसले, की कोळशाच्या भुकटीतून गढूळ, रंगीत द्राव गाळला तर तो स्वच्छ होतो. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ असे आपण म्हणतो खरे. परंतु दुसऱ्याचा काळेपणा काढून घेण्याचे त्याचे कसब आपल्या म्हणीत उतरलेले नाही. १८५४ मध्ये जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनज्ञाने दूषित हवेपासून बचाव करणारा कोळशाचा मुखवटा तयार केला. पुढच्या दशकात नारळाच्या करवंटीचा कोळसा इतर लाकडी कोळशांपेक्षा अधिक वायू धरतो, असे प्रयोगांत दिसून आले. कोकणात चुलीत जाणाऱ्या करवंटीला हा असा शास्त्रीय मान मिळाला.

याचे कारण करवंटीच्या घट्ट घडणीत आहे. वाफेच्या झोतात अतिशय तापवून असा कोळसा ‘सक्रिय’ केला, म्हणजे त्याच्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म पोकळ्या तयार होतात. एक ग्रॅम चांगल्या सक्रिय कोळशाच्या पोकळ्यांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर सुमारे १,००० चौरस मीटर जागा भरेल. म्हणजे चिमूटभर भुकटीत कबड्डीची सात मैदाने. या गुणाची उद्योगधंद्यांनी फार पूर्वीच दखल घेतली. आमच्या पिंपरीची औद्योगिक ओळख ज्या कारखान्याने घडवली, त्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. बुरशीच्या आंबवणातून असे औषध वेगळे काढताना त्यातील रंगद्रव्ये आणि मळ काढून टाकण्यासाठी सक्रिय कोळसा वापरणे, ही या धंद्यातील सर्वपरिचित रीत. औषध शुद्ध करणारा कोळसा आपल्याकडे असा ओळखीचा होता. हवा शुद्ध करणारा कोळसा शस्त्रक्रियागृहात पोहोचायला मात्र बराच वेळ लागला. तो का लागला, हे समजण्यासाठी भुलीचा इतिहास पाहावा लागतो.

‘भूल’ हा आपला शब्द विलक्षण आहे. चूक ती भूल, मोह तीही भूल, रानात वाट चुकवते ती भूल आणि शस्त्रक्रियेपूर्वी देतात तीही भूल. शासकीय परिभाषेतील ‘बधिरीकरण’ आणि कोशातील ‘शुद्धिहरण’ या शब्दांना जे साधत नाही ते या शब्दाला साधते : भान हरपून पुन्हा भानावर येणे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टनने ईथर हुंगवून रुग्णाला बेशुद्ध केले आणि वेदनारहित शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. अवघ्या पाच महिन्यांनी, मार्च १८४७ मध्ये, कलकत्त्यात ईथर दिले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणले. आगगाडी मुंबईला येण्याआधी भूल हिंदुस्थानात आली होती.

या औषधांविषयीची एक मूलभूत गोष्ट फार लवकर कळली होती. लंडनचा डॉ. जॉन स्नो पटकीच्या साथीच्या संशोधनासाठी आपल्याला ठाऊक असतो. तो त्या काळचा सर्वांत विचारी भूलतज्ज्ञही होता. १८५० च्या सुमारास त्याने असे दाखवले, की रुग्ण हुंगलेली वाफ बऱ्याच अंशी जशीच्या तशी उच्छ्वासातून बाहेर टाकतो. तोच उच्छ्वास त्यातील कर्बवायू काढून पुन्हा हुंगू दिला, तर भूल लांबते. म्हणजे भुलीचे औषध शरीरात जिरून नाहीसे होत नाही. ते पाहुण्यासारखे येते आणि बहुतांशी परत जाते. परत जाते म्हणजे कोठे? खोलीच्या हवेत. आणि त्या खोलीत रुग्णाखेरीज चार-पाच माणसे उभी असतात. स्नोच्या प्रयोगातच हा प्रश्न दडलेला होता. तो विचारण्याची निकड मात्र पुढे कितीतरी दशके कोणाला भासली नाही.

ही उदासीनता पाहायची तर दूर जायला नको. निजामाच्या ज्या राज्यात तेव्हा आपला मराठवाडा मोडत होता, त्या राज्याच्या राजधानीत १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मविषयी दोन आयोग बसले. वैद्यकाच्या इतिहासात ते ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग’ म्हणून प्रसिद्ध आहेत. तेथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा, की क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास बंद पडल्याने, हृदय बंद पडल्याने नव्हे. म्हणून भूल देणाऱ्याने नाडी न पाहता श्वास पाहावा. दुसऱ्या आयोगासाठी निजामाने पैसे दिले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग होऊन निर्णय लॉरींच्या बाजूने लागला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी क्लोरोफॉर्म थेट हृदयाची लय बिघडवू शकते, हे सिद्ध केले आणि तो निर्णय मागे पडला. या वादावर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे.

त्या हैदराबादेतच रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देण्याचे काम करीत होत्या. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या या पारशी बाईंना जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत गणले जाते. रुग्णाच्या नाकावरील कापडावर थेंबथेंब क्लोरोफॉर्म सोडायचे आणि त्याच्या तोंडाशी वाकून श्वासाचा अंदाज घेत राहायचे, अशी तेव्हाची रीत. कापडावरून उडालेली वाफ आणि रुग्णाचा उच्छ्वास या दोहोंच्या सर्वांत जवळ असे ते भूल देणाऱ्याचे नाक. ‘श्वासाकडे पाहा’ हा लॉरींचा मंत्र होता. मात्र पाहायचा तो रुग्णाचा श्वास. पाहणाऱ्याचा श्वास हा आयोगाचा विषयच नव्हता.

दुसरा प्रसंग पुण्याचा आणि सर्वपरिचित. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींना आंत्रपुच्छाचा विकार जडला आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळ होते. ऐन शस्त्रक्रियेत वीज गेली. एका परिचारिकेच्या हातातील विजेरीही विझली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. चरित्रकार हा प्रसंग सांगतात तो गांधीजींचे धैर्य आणि इंग्रज शल्यविशारदाचे कौशल्य दाखवण्यासाठी, आणि ते योग्यच आहे. परंतु आपण क्षणभर त्या कंदिलाकडे पाहू. त्या काळी हुंगवण्याची मुख्य औषधे दोन. त्यांतील ईथरची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचणारी आणि ठिणगीने भडकणारी. क्लोरोफॉर्म पेटत नाही. पण त्याची वाफ ज्योतीत जळाली, की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. गॅसच्या दिव्यांच्या काळात बंद खोलीत क्लोरोफॉर्म देताना सर्जन आणि परिचारिका खोकून बेजार होत, अशा नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. रुग्ण बेशुद्ध असे. त्रास व्हायचा तो जाग्या माणसांना.

हाच फॉस्जीन वायू १९१५ च्या डिसेंबरात युरोपच्या रणभूमीवर हेतुपुरस्सर सोडला गेला. त्यापूर्वी एप्रिलमध्ये ईप्रच्या आघाडीवर क्लोरिन सोडला गेला होता. तेव्हा जे घडले ते लक्षात घेण्यासारखे आहे. रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी १९१५ मध्येच सक्रिय कोळशाचा मुखवटा सिद्ध केला. १९१६ पासून ब्रिटिश सैनिकांच्या गळ्यात कोळसा भरलेल्या पेटीचे मुखवटे आले. १९१८ मध्ये अमेरिकेत घरोघर आवाहने झाली, की पीच फळाच्या बिया आणि अक्रोडासारख्या फळांची टरफले फेकू नका, त्यांचा कोळसा सैनिकांचे प्राण वाचवील. दोन-तीन वर्षांत सरकारे, रसायनज्ञ आणि गृहिणी यांनी मिळून सैनिकाच्या नाकाशी कोळसा नेऊन पोहोचवला. म्हणजे ज्ञान होते, साधन होते, करवंटी होती. शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेच्या नाकाशी तो कोळसा का पोहोचला नाही, याचे उत्तर रसायनशास्त्रात सापडणार नाही. तिला होणारा त्रास हा कामाचाच भाग मानला गेला होता, एवढेच.

प्रयत्न अगदीच झाले नाहीत असे नव्हे. १९२० च्या दशकात काही जर्मन सर्जनांनी ईथरच्या वाफेने येणारा थकवा आणि डोकेदुखी यांची तक्रार करून ती वाफ ओढून बाहेर नेणारी साधने बनवली. १९२४ मध्ये, म्हणजे ससूनमध्ये कंदील पेटला त्याच वर्षी, अमेरिकेतील राल्फ वॉटर्स यांनी उच्छ्वासातील कर्बवायू चुन्याच्या क्षारात शोषून घेऊन उरलेला श्वास पुन्हा रुग्णाला देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. स्नोची जुनी कल्पना आता व्यवहारात आली. या पद्धतीत औषध कमी लागे आणि खोलीतही कमी पसरे. आजही भुलीच्या यंत्रावर पांढऱ्या खड्यांचा जो पारदर्शक डबा दिसतो, तो याच सोडालाइमचा. त्यात घडते ते खरे शोषण, कारण कर्बवायू खड्यांशी संयोग पावतो आणि खड्यांत मिसळलेल्या रंगद्रव्याचा रंग बदलून खडे संपत आल्याचे कळते. कोळशाच्या डब्याला ही सोय नाही. तो भरला तरी काळाच दिसतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

१९५६ मध्ये मँचेस्टर येथे हॅलोथेन हे औषध प्रथम रुग्णांना दिले गेले. ते पेटत नव्हते, त्याचा वास गोडसर होता, त्यामुळे स्फोटाची भीती गेली आणि खोकलाही गेला. त्रास देणारा वास गेला, की धोकाही गेला असे वाटते. हीदेखील एक भूलच. दिलेल्या हॅलोथेनपैकी सुमारे पाचवा हिस्सा शरीरात मोडतो आणि बाकीचे उच्छ्वासातून बाहेर पडते. पुढे आलेल्या आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेस्फ्लुरेन यांच्या बाबतीत शरीरात मोडणारा वाटा त्याहून कितीतरी लहान. डेस्फ्लुरेनचा तर दहा हजारांत दोन भाग इतकाच. रुग्णाच्या दृष्टीने हा गुण. खोलीतील हवेच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की बाटलीतून गेलेले जवळजवळ सगळे औषध अखेर हवेत येते.

१९६७ मध्ये सोव्हिएत संघातील वाइस्मन यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रकृतीची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातील स्त्री-डॉक्टरांच्या ३१ गरोदरपणांपैकी १८ गर्भपातात संपले होते. या आकड्याने जग हादरले. पाहणी लहान होती, तुलनेसाठी योग्य गट नव्हता, लांबलचक कामाचे तास आणि इतर कारणे वेगळी काढलेली नव्हती, हे आक्षेप खरेच आहेत. आणि वायू नीट बाहेर नेणाऱ्या आधुनिक शस्त्रक्रियागृहांत तसा धोका नंतरच्या अभ्यासांत स्पष्टपणे दिसलेला नाही. पण वायू बाहेर नेण्याची व्यवस्था नसलेल्या दातांच्या दवाखान्यांत नायट्रस ऑक्साइडच्या सान्निध्यात दीर्घकाळ काम करणाऱ्या स्त्रियांना गर्भधारणेस विलंब होतो, असे १९९२ मधील एका अमेरिकी अभ्यासात आढळले. हा वायू शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व निकामी करतो, हेही सिद्ध झालेले आहे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने खोलीच्या हवेत हॅलोथेनसारख्या वाफा दहा लाख भागांत २ भागांहून आणि नायट्रस ऑक्साइड २५ भागांहून अधिक नसावा, अशी शिफारस केली. ईथरच्या पहिल्या प्रयोगानंतर १३१ वर्षांनी जाग्या माणसांच्या श्वासासाठी आकडा ठरला.

आता त्या विद्यार्थिनीचा डबा. वायू नळीने बाहेर नेण्याची पक्की व्यवस्था जेथे नसते, तेथे यंत्राच्या निकासाला सक्रिय कोळशाचा डबा जोडतात. त्याला वीज लागत नाही, पंप लागत नाही. रुग्णाचा उच्छ्वास कोळशातून गाळला जातो. हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन ही औषधे ४८ ते ५९ अंश सेल्सियसला उकळणारी, म्हणजे खोलीच्या तापमानाला द्रवरूपात राहू पाहणारी. त्यांचे जड रेणू कोळशाच्या पोकळ्यांत सहज विसावतात. डेस्फ्लुरेन २३ अंशांनाच उकळते, म्हणून त्याची पकड सैल. आणि नायट्रस ऑक्साइडचा उत्कलनांक उणे ८८ अंश. खोलीच्या तापमानाला तो कोळशावर थांबतच नाही, सरळ पलीकडे निघून जातो. दुर्दैव असे, की भुलीच्या वायूंपैकी मोठ्या प्रमाणावर वापरला गेलेला आणि स्त्री-कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ज्याचा दोष अधिक ठळक दिसला, तोच वायू या डब्याला दाद देत नाही. डबा लावला म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाला हे कोणीतरी सांगितलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. डबा भरला हे रंगावरून कळत नाही, वजनावरून कळते. नवा डबा तोलून वजन लिहून ठेवायचे, दररोज तोलायचे, ठराविक भर पडली की बदलायचा. तसा न बदलल्यास आत येणारी वाफ न थांबता बाहेर जाते. डबा तापल्यास धरलेलेही सोडून देतो. पत्रकात हे सारे लिहिलेले होते आणि विद्यार्थिनीने त्याचा बिनचूक अनुवादही केला होता. तास संपल्यावर ती म्हणाली, ‘‘सर, आमच्याकडे वजनकाटाच नाहीये. डबा किती महिन्यांचा आहे, तेही कुणाला माहीत नाही. दुपारनंतर डोकं जड होतं, तर आम्ही म्हणतो ऊन फार आहे.’’ ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही, आणि मला ते अधिक लागले.

याच पट्ट्यातील दुसरा एक डबा मग मला आठवला. चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेट्रोल मोटारीत सक्रिय कोळशाचा एक डबा असतो. उभ्या गाडीच्या टाकीतून उडणारी पेट्रोलची वाफ तो धरून ठेवतो. इंजिन सुरू झाले, की हवेच्या झोताने ती वाफ सुटते आणि इंजिनात जळून जाते. धरणे आणि परत देणे या अधिशोषणाच्या दोन्ही बाजू येथे कामी येतात. अमेरिकेत १९७१ पासून ही व्यवस्था सर्व मोटारींना आली; आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मानकांखाली दुचाकींनाही ती असते. गाडीच्या नमुन्यातून किती ग्रॅम वाफ निसटते, याची बंद खोलीत मोजणी होऊन ती मर्यादेत ठरल्याशिवाय त्या गाडीला बाजारात येता येत नाही. म्हणजे उभ्या मोटारसायकलीच्या उच्छ्वासाचेही मोजमाप होते. मोजमाप अशक्य नसते, एवढे तरी यावरून दिसावे.

भुलीच्या कोळशाचा उपयोगही अलीकडे पालटला आहे. काही अतिदक्षता विभागांत रुग्णाच्या श्वासनळीशी कोळशाच्या धाग्यांची जाळी बसवतात. उच्छ्वासातील औषध ती धरते आणि पुढच्या श्वासाबरोबर रुग्णालाच परत देते. काही रुग्णांना आनुवंशिक दोषामुळे या वाफांनी जीवघेणा ताप चढतो. ऑस्ट्रेलियात १९६० मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन झाले. अशा वेळी यंत्रातील उरलीसुरली वाफ कोळशाच्या गाळण्यांनी दोन-तीन मिनिटांत अडवता येते. आणि आता प्रश्न खोलीबाहेर, आकाशापर्यंत गेला आहे. डेस्फ्लुरेन हे वजनास वजन कर्बवायूच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता कोंडते. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून वैद्यकीय निकड असल्याखेरीज त्याच्या वापरास बंदी केली आहे. डब्यात धरलेले औषध पुन्हा काढून शुद्ध करण्याचे उद्योगही सुरू झाले आहेत. परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वापरलेल्या डेस्फ्लुरेनपैकी केवळ चौथा हिस्सा डब्यातून परत मिळाला. बाकीचे कोठे गेले? काही गळतीत गेले असेल; काही रुग्णाच्या शरीरात राहिले आणि नळी काढल्यावर तो वॉर्डात, नातेवाइकांशेजारी, अखेरीस घरी, थोडे थोडे उच्छ्वासत राहिला.

सारांश असा, की कोळसा काहीही नष्ट करीत नाही. तो फक्त वेळ मिळवून देतो. त्या वेळात त्याला तोलणे, बदलणे आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे हे माणसाचे काम. ते काम झाले नाही, तर डबा असून नसल्यासारखा होतो आणि हवेतील वाफ समोरच्या माणसाच्या फुप्फुसांत जाते. फुप्फुस ती पृष्ठभागावर थांबवून ठेवीत नाही, रक्तात घेते. म्हणजे जेथे अधिशोषण थांबते, तेथे खरोखरच शोषण सुरू होते. रसायनशास्त्राच्या अर्थाने, आणि गेटवरच्या सभेच्या अर्थानेही.

साहित्याच्या अभ्यासकाला या सर्वाशी काय कर्तव्य, असा प्रश्न येथे विचारला जाईल. कामगारांच्या आणि दलितांच्या आत्मकथनांनी आपल्याला एक दृष्टी दिली आहे : इमारतीचा इतिहास वाचताना वीट वाहणाऱ्याचा हात शोधायचा. वैद्यकाच्या इतिहासाकडे आपण या दृष्टीने क्वचितच पाहिले. भुलीचा इतिहास आपण निजलेल्या रुग्णाचा आणि थोर सर्जनाचा म्हणून वाचतो. क्लोरोफॉर्म देताना वाकलेल्या रूपाबाई, ससूनमध्ये विझलेली विजेरी हातात असलेली परिचारिका, दुपारी डोके जड होणारी माझी विद्यार्थिनी या एकाच खोलीत उभ्या आहेत. त्यांचा श्वास मात्र कोणत्याही कागदावर नाही.

तिच्या स्वाध्यायाला मी त्या वेळी दहापैकी सात गुण दिले होते. ‘शोषण’ या शब्दाखाली लाल रेघ ओढून. पुढच्या आठवड्यात तिने सुधारित प्रत आणली. पहिल्या वाक्यात ‘अधिशोषण’ होते, आणि शेवटी मूळ पत्रकात नसलेले एक वाक्य तिने स्वतःच्या मनाने जोडले होते : ‘‘डब्याचे वजन दररोज करून भिंतीवरील तक्त्यात लिहावे आणि लिहिणाऱ्याने सही करावी.’’ अनुवादाच्या नियमांनुसार ही भर चूक होती. मी ती खोडली नाही.